वाचकांच्या पत्रांचे पान कसे सांभाळावे

पुण्यातल्या लहान नियतकालिकांच्या कचेऱ्यांत, मग ते मासिक असो, संस्थेचे वार्तापत्र असो, ज्ञातीचे मुखपत्र असो की दिवाळी अंक असो, वाचकांच्या पत्रांचे पान बहुधा सर्वांत नव्या माणसाकडे सोपवले जाते. लेख मिळवणे, मुद्रिते तपासणे, जाहिराती आणणे ही कामे मोठी मानली जातात आणि पत्रे म्हणजे उरलेली जागा भरण्याचे साधन, असा समज असतो. माझे मत याच्या अगदी उलट आहे. अंकातील बाकीचा मजकूर संपादकाने मागवलेला किंवा निदान अपेक्षिलेला असतो. पत्र मात्र अनोळखी माणसाकडून, त्याच्या मर्जीने आणि पुष्कळदा रागाच्या भरात येते. म्हणून पारख, संयम आणि कायद्याची जाण या तिन्हींची सर्वाधिक गरज याच पानाला असते. हे पान ज्यांच्याकडे नव्याने आले आहे त्यांच्यासाठी ते चालवण्याची रीत येथे सांगत आहे.

या कामात छापलेल्या पत्राबद्दल जशी आपली जबाबदारी असते, तशीच न छापलेल्या पत्राबद्दलही असते. हे पत्र का घेतले आणि ते का घेतले नाही, या दोन्ही प्रश्नांना आपल्याजवळ लेखी उत्तर हवे. पुढची सगळी पद्धत या एका अपेक्षेतून निघालेली आहे.

नियम आधी, पत्रे नंतर

पहिले पत्र हातात घेण्यापूर्वी नियम लिहून काढावेत आणि ते प्रत्येक अंकात पत्रांच्या पानावरच छापावेत. वाद पेटल्यानंतर केलेला नियम कितीही न्याय्य असला, तरी तो कुणाच्या तरी विरुद्ध केला आहे असेच वाचकांना वाटते आणि त्यांचे ते वाटणे अनेकदा खरेही असते. नियमांची भाषा सरकारी परिपत्रकासारखी नसावी. पुढील मजकूर नमुन्यादाखल घ्यावा आणि आपल्या अंकाच्या गरजेप्रमाणे त्यात बदल करावा:

“पत्र शक्यतो दोनशे शब्दांत असावे. पत्राखाली लेखकाचे पूर्ण नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक असावा. अंकात केवळ नाव आणि गाव किंवा पेठ छापली जाईल. हेच पत्र अन्यत्र पाठवले असल्यास तसे कळवावे. जागेअभावी पत्र संक्षिप्त करण्याचा अधिकार संपादकांकडे राहील. मात्र अर्थ बदलेल असा कोणताही फेरफार लेखकाला विचारल्याशिवाय केला जाणार नाही. कोणाच्याही खासगी आयुष्यावर, जातीवर, धर्मावर किंवा शरीरावर टीका करणारे पत्र छापले जाणार नाही. पत्र प्रसिद्ध न झाल्यास विचारणा केल्यावर कारण कळवले जाईल.”

यातले शेवटचे वाक्य बहुतेक ठिकाणी गाळले जाते, कारण ते पाळणे कष्टाचे असते. माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. कारण सांगण्याचे बंधन आपण होऊन स्वीकारले की हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक पत्राकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ‘हा माणूस नेहमीच असे लिहितो’ हे कारण लेखी देता येत नाही, त्यामुळे ते मनातही फार काळ टिकत नाही.

टोपणनावाचा प्रश्न नियमांतच मिटवून टाकावा. काही संपादक टोपणनाव सरसकट नाकारतात, तर काही ते बेधडक छापतात. दोन्ही टोके टाळावीत. पुण्यात जन्मलेले आणि सरकारी नोकरीत असलेले गोपाळ हरी देशमुख यांनी 1848 पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात जी पत्रे लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. ‘प्रभाकर’चे संपादक भाऊ महाजन यांनी टोपणनावाला नकार दिला असता, तर मराठीतील समाजचिंतनाचा एक मोठा ठेवा छापखान्यापर्यंत पोहोचलाच नसता. नोकरी जाण्याची, घरात त्रास होण्याची किंवा वस्तीत बहिष्कृत होण्याची खरी भीती असलेल्या माणसाला टोपणनाव द्यावेच. अट एकच असावी: खरे नाव आणि पत्ता संपादकाला ठाऊक असला पाहिजे आणि तो त्याच्यापाशीच राहिला पाहिजे. ज्याचे नाव आपल्यालाही ठाऊक नाही अशा माणसाचे पत्र, त्यात कितीही तथ्य दिसले तरी, पत्र म्हणून छापू नये. त्यातला विषय महत्त्वाचा असेल तर आपल्या वार्ताहराने त्याचा स्वतंत्र शोध घ्यावा.

आवक नोंदवही

पत्रे आता टपालाने कमी आणि ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर अधिक येतात, आणि त्यामुळेच ती हरवण्याचे प्रमाण वाढले आहे. पोस्टकार्ड टेबलावर पडून राहते व निदान डोळ्यांना दिसते. फोनवरचे पत्र दुसऱ्या दिवशी चार संदेशांखाली जाते. यासाठी सर्व पत्रांची एकच नोंदवही ठेवावी, वहीत ठेवा किंवा संगणकावर ठेवा. तारीख, लेखकाचे नाव, कोणत्या मार्गाने आले, कोणत्या लेखासंबंधी आहे, खातरजमा कधी केली, काय ठरवले, का ठरवले आणि लेखकाला कधी कळवले, एवढे रकाने पुरेत. ‘का ठरवले’ हा रकाना एका ओळीपेक्षा लहान ठेवू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले पत्र त्याच दिवशी उतरवून घ्यावे आणि ते पुढे पाठवलेले आहे की त्या माणसाने स्वतः लिहिले आहे, हे पाहावे.

नोंदवहीचा एक उपयोग काही महिन्यांनी ध्यानात येतो. एकच मजकूर थोडेफार शब्द बदलून निरनिराळ्या नावांनी येऊ लागला, तर सुटी पत्रे वाचताना ते जाणवत नाही, वहीत मात्र चटकन उघडे पडते. अशी मोहीम बेकायदेशीर नसते आणि तिच्यातील मतही कदाचित योग्य असते. परंतु दहा सह्यांचे एक पत्र आणि दहा वेगवेगळी पत्रे यांत फरक आहे, आणि तो वाचकाला कळला पाहिजे. अशा वेळी एक पत्र छापून त्याखाली ‘याच मजकुराची आणखी पत्रे आली आहेत’ असे नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरते.

खातरजमा

या पानाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने 1882 चे कोल्हापूर प्रकरण एकदा समजून घ्यावे. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी तेथील दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कठोर टीका केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ज्या पत्रांवर भिस्त ठेवून ते लेखन झाले होते ती पत्रे बनावट निघाली. ‘केसरी’चे संपादक आगरकर आणि ‘मराठा’चे संपादक टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यांपैकी 101 दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. दोघांच्या हेतूविषयी त्यांच्या विरोधकांनाही फारशी शंका नव्हती. तरीही चांगला हेतू बनावट कागदाला खरा करू शकला नाही. आपल्या हाती येणारे पत्र इतके स्फोटक क्वचितच असते, पण ज्या घाईने त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो ती घाई तीच असते: जे आपल्याला आधीपासून खरे वाटत आहे, तेच पत्रात लिहिलेले असते.

खातरजमेची पद्धत साधी आहे. पत्रावर दिलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा आणि ‘तुम्ही आम्हाला पत्र पाठवले आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये, कारण या प्रश्नाला कोणीही होकार देऊ शकतो. ‘आपण कोणत्या विषयावर लिहिले आहे ते थोडक्यात सांगाल का?’ असे विचारावे. ज्याने पत्र लिहिले आहे तो दोन वाक्यांत विषय सांगतो, किंबहुना दहा मिनिटे बोलतो आणि बोलता बोलता पत्रात न आलेला महत्त्वाचा तपशीलही देऊन जातो. दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवण्याचे प्रकार, विशेषतः गृहनिर्माण सोसायट्यांच्या वादांत, आजही घडतात आणि ते या एका फोनने बहुतेक वेळा उघड होतात. संस्थेच्या नावाने पत्र असेल तर सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे का, हेही विचारून घ्यावे.

माणसाची खातरजमा झाली की मजकुराची करावी. समजा, पावसाळ्यात एखाद्या ज्येष्ठ वाचकाने आठवण लिहून पाठवली की ‘पानशेत धरण ज्या रात्री फुटले, त्या रात्री आम्ही नारायण पेठेत वरच्या मजल्यावर बसून होतो’. पानशेतचे धरण 12 जुलै 1961 रोजी सकाळी फुटले आणि शहरात पाणी दिवसाउजेडी शिरले. म्हणून ‘रात्री’ हा शब्द खोडून ‘सकाळी’ करावा का? तसे करू नये, कारण वरच्या मजल्यावर काढलेली रात्र खरी असण्याचा पुष्कळ संभव आहे. ती पुरानंतरची, वीज नसलेल्या काळोख्या शहरातली रात्र असेल. फोन करून विचारले, तर लेखक स्वतःच वाक्य सुधारून देतो: ‘पानशेत धरण फुटले त्या दिवशीची रात्र आम्ही वरच्या मजल्यावर काढली.’ इतिहासही चुकत नाही आणि माणसाची आठवणही शाबूत राहते. साल, आकडे, अवतरणे आणि शासकीय योजनांची नावे या चार गोष्टी मी तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. बाकी मतांच्या बाबतीत आपली पसंती विचारात घेण्याचे कारण नाही.

कात्री कुठे चालवावी

पत्र संपादित करताना धार ठेवून केवळ विष काढता येते का, हे आधी पाहावे. पुष्कळदा ते जमते. उदाहरणासाठी पुणेकरांना परिचित असलेला विषय घेऊ. वेताळ टेकडीला लागून बालभारती ते पौड फाटा रस्ता व्हावा की होऊ नये, हा वाद या शहरात अनेक वर्षे चालला आहे आणि दोन्ही बाजूंना मनापासून बोलणारी माणसे आहेत. आलेले पत्र असे आहे असे समजा:

“हा रस्ता मागणारे सगळे बिल्डरांचे दलाल आहेत. यांना झाड म्हणजे काय ते माहीत नाही. एकदा तरी पहाटे टेकडीवर या, म्हणजे मोर कसा ओरडतो ते कळेल. रस्ता झाला तर पाणी मुरायची जागा जाईल आणि खालच्या वस्त्यांत पाणी भरेल, तेव्हा हेच लोक गप्प बसतील.”

पहिले वाक्य आरोपाचे आहे आणि तो आरोप पुराव्याशिवाय एका मोठ्या समूहावर केलेला आहे. कोथरूडहून सेनापती बापट रस्त्याला रोज जाताना वाहतुकीत अडकणारा नोकरदारही त्यात आला. दुसरे वाक्य टोमणा आहे. ते राहिले तरी चालेल आणि गेले तरी बिघडत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यांत पत्राचा जीव आहे. लेखकाशी बोलून पत्राचे रूप पुढीलप्रमाणे होऊ शकते: “हा रस्ता मागणाऱ्यांनी एकदा तरी पहाटे टेकडीवर यावे, म्हणजे मोर कसा ओरडतो ते कळेल. रस्ता झाला तर पाणी मुरायची जागा जाईल आणि खालच्या वस्त्यांत पाणी भरेल, तेव्हा जबाबदारी कोण घेणार?” राग गेलेला नाही. तो माणसांच्या हेतूंवरून निघून त्यांच्या मागणीवर आला आहे, आणि आता रस्त्याच्या बाजूचा वाचक त्याला उत्तर देऊ शकतो. जे पत्र उत्तराला जागा ठेवते ते छापण्याजोगे, अशी कसोटी मी नवोदितांना सांगतो. तिच्यावर बहुतेक पत्रे निवडता येतात.

भाषेच्या बाबतीत विशेष जपावे. 1962 साली राज्य शासनाने स्वीकारलेले आणि 1972 मध्ये भर घातलेले मराठी लेखनाचे नियम आपल्या अंकाला लागू असतील, तर ऱ्हस्वदीर्घ त्यांप्रमाणे दुरुस्त करावेत. तो प्रत्येक लेखकाचा हक्क आहे. परंतु मावळातून, मुळशीतून किंवा मराठवाड्यातून येऊन येथे स्थायिक झालेला वाचक आपल्या बोलीत लिहीत असेल, तर त्याचे वाक्य पेठांच्या भाषेत ‘शुद्ध’ करून घेऊ नये. ‘आमच्या वस्तीत टँकर येतोय, पण पाणी आमच्यापर्यंत येतच न्हाई’ या वाक्यात दुरुस्त करण्याजोगे काहीही नाही. अक्षर वाईट, जोडाक्षरे चुकीची, विरामचिन्हे नाहीत, ही पत्र नाकारण्याची कारणे होऊ शकत नाहीत. अशा पत्रांवर जास्त वेळ द्यावा लागतो आणि तो देण्यासाठीच आपली नेमणूक झालेली असते.

कायद्याच्या रेषा

‘प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ अंकात छापली की आपण मोकळे झालो, हा समज खोटा आहे. ती ओळ वाचकाला माहिती देते. कायद्यापासून संरक्षण देत नाही. ‘केसरी’त 15 जून 1897 रोजी शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता टोपणनावाने प्रसिद्ध झाली आणि त्या अंकातील मजकुराबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तो कायदा परकी सत्तेचा होता आणि ती शिक्षा अन्यायाची होती. परंतु टोपणनावाच्या मजकुरासाठी संपादकाला जाब विचारला जातो, हा व्यवहार आजही कायम आहे.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 356 नुसार अब्रुनुकसानीसाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. येथे पुष्कळांचा एक गैरसमज असतो की गोष्ट खरी असली म्हणजे भीती नाही. फौजदारी कायद्यातील अपवाद असा आहे की गोष्ट खरी असावी आणि ती प्रसिद्ध करणे लोकहिताचेही असावे. नगरसेवकाने किंवा अधिकाऱ्याने सार्वजनिक काम कसे केले, यावर सद्भावनेने मत देण्याचे स्वातंत्र्य त्याच कलमात राखलेले आहे आणि ते आपण भरभरून वापरावे; त्याच अधिकाऱ्याच्या घरातल्या भांडणाचा तपशील मात्र, तो खरा असला तरी, पत्रात येऊ देऊ नये.

कलम 196 समूहांमध्ये वैर वाढवण्यासंबंधी आहे. त्यात धर्म आणि जात येतात हे सर्वांना ठाऊक असते, पण जन्मस्थान, निवास आणि भाषा यांचाही त्यात उल्लेख आहे हे अनेकांच्या लक्षात नसते. नोकरीसाठी बाहेरून आलेल्या लोकांमुळे पुणे बिघडले, अशा आशयाची पत्रे आपल्याकडे सतत येतात. घरभाडे, पाणी, वाहतूक यांच्याविषयीची तक्रार रास्त असते. एखादी भाषा बोलणाऱ्या सर्वांना घाणेरडे किंवा गुन्हेगार म्हणणारे वाक्य आले की ते काढावे, आणि लेखक त्याला तयार नसेल तर पत्र परत करावे.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांवरील पत्रांत तर एकेक शब्द पाहावा लागतो. पीडितेचे नाव छापायचे नाही हे बहुतेकांना माहीत असते. परंतु ज्यावरून ओळख पटू शकेल असा कोणताही मजकूर छापण्यास मनाई आहे, आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याच्या कलम 23 मध्ये पत्ता, कुटुंब, शाळा आणि शेजार यांचाही स्पष्ट निर्देश आहे. कळवळ्याने लिहिलेल्या पत्रातच ‘आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी, अमुक शाळेत जाणारी मुलगी’ असे शब्द सहज येतात आणि अख्ख्या परिसराला ती मुलगी कळते. लेखकाला हे समजावून सांगितले, तर तो स्वतःच ते शब्द काढून देतो.

वाद चालवणे आणि थांबवणे

ज्याच्यावर पत्रातून टीका झाली आहे, त्याला उत्तराची संधी मिळालीच पाहिजे. टीका गंभीर असेल तर पत्र छापण्यापूर्वी संबंधिताला त्याची कल्पना द्यावी आणि त्याचे म्हणणे त्याच अंकात शेजारी छापावे; एरवी पुढच्या अंकात, त्याच पानावर, तेवढीच जागा द्यावी. आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेले उत्तर कोणी वाचत नाही आणि ज्याने ते लिहिले त्याला आपला हेतू बरोबर कळतो.

एखाद्या विषयावर एका बाजूची पत्रे पुष्कळ आणि दुसऱ्या बाजूची थोडी आली, तर निम्मी निम्मी छापावीत काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. तसे केल्याने वाचकांचे मत समसमान विभागले आहे असा खोटा भास निर्माण होतो. आलेल्या पत्रांचे प्रमाण साधारणपणे पानावर दिसू द्यावे, मात्र अल्पमतातले सर्वांत सुविचारित पत्र पूर्ण आणि न कापता छापावे. आपला स्वतःचा कल कोणत्या बाजूला आहे, हे माहीत असणे येथे फार उपयोगी पडते. ज्या पत्राशी आपण सहमत आहोत त्यातली चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून असे पत्र वेगळ्या मताच्या सहकाऱ्याला वाचायला द्यावे.

संपादकीय टीप शक्य तितकी कमी द्यावी. पत्राखाली ‘सं.’ लिहून वाचकाला उत्तर देण्याचा मोह फार मोठा असतो, विशेषतः टीका आपल्या अंकावरच असते तेव्हा. टीप वस्तुस्थितीपुरती असावी: अमुक तारीख अमुक आहे, अमुक लेख अमुक अंकात आला होता. ज्याच्या हातात छापखाना आहे त्याने प्रत्येक पत्राखाली आपला शब्द शेवटचा ठेवला, तर हळूहळू पत्रे येणेच थांबते.

वाद थांबवण्याची सूचना एक अंक आधी द्यावी. ‘या विषयावरील पत्रव्यवहार पुढील अंकानंतर बंद करण्यात येईल’ असे छापले की ज्यांना बोलायचे राहिले आहे ते लिहितात, आणि कोणाचे तोंड दाबल्याची तक्रार उरत नाही. पत्रांत नवा मुद्दा येत नाही आणि लेखक विषयाऐवजी एकमेकांची नावे घेऊ लागले आहेत, असे दिसले की ही वेळ आली असे समजावे.

नित्याचे पत्रलेखक

वर्षानुवर्षे चिकाटीने पत्रे लिहिणारी माणसे ही मराठी नियतकालिकांची संपत्ती आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, गृहिणी, गावाकडचे वाचनालय चालवणारे कार्यकर्ते अशा अनेकांनी पदपथापासून पाठ्यपुस्तकापर्यंतच्या चुका दाखवून दिल्या आहेत. त्यांच्याविषयी कचेरीत कंटाळ्याने बोलणे सुरू झाले, तर ते तत्काळ थांबवावे. मात्र त्यांच्या पत्रांनी पान भरून जाते आणि पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जागा उरत नाही, ही अडचणही खरी आहे. एका लेखकाचे पत्र सलग दोन अंकांत घेतले जाणार नाही, असा नियम करावा आणि तो अपवाद न करता पाळावा. जागा मर्यादित असेल तर प्रथमच लिहिणाऱ्याला अग्रक्रम द्यावा. पहिले पत्र छापून आलेला वाचक तो अंक जपून ठेवतो आणि पुढे अंकाशी बांधला जातो.

जी पत्रे छापण्यासाठी नसतात

काही पत्रे वाचताच कळते की ती पानासाठी नाहीत. धमकीचे पत्र आले तर त्याला उत्तर देऊ नये; ते पाकिटासह, किंवा संदेश असेल तर क्रमांकासह, जपून ठेवावे आणि पोलिसांना कळवावे. शिवीगाळ करणारा फोन आला तर एकदा शांतपणे ‘हे लेखी पाठवा’ असे सांगून फोन ठेवावा.

याहून अवघड पत्र निराशेने ग्रासलेल्या माणसाचे असते. विषय काहीही असो, परीक्षा, कर्ज, वृद्धापकाळातील एकटेपणा, पत्रात जगण्याचा कंटाळा व्यक्त झाला असेल तर ते नोंदवहीत टाकून रांगेत ठेवू नये. त्याच दिवशी फोन करावा, निवांतपणे ऐकावे आणि टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक द्यावा. त्यावर मराठीतही बोलता येते. जीवाला धोका आहे असे वाटले तर 112 वर कळवण्यास संकोच करू नये. असे पत्र लेखकाने आग्रह केला तरी छापू नये.

नकार आणि दुरुस्ती

नकाराचे उत्तर चार ओळींचे असावे आणि त्यात कारण खरे असावे. ‘जागेअभावी’ हा शब्द फक्त जागा खरोखर नसेल तेव्हाच वापरावा, कारण त्याच अंकात जाहिरातीखालची रिकामी जागा लेखकाला दिसत असते. पुढील प्रकारचा मजकूर पुरेसा होतो:

“आपले 3 तारखेचे पत्र मिळाले. शेजारच्या दुकानदाराविषयी आपण केलेल्या आरोपाला सोबत कागद नसल्याने ते आहे त्या स्वरूपात घेता येत नाही. पदपथावरील अतिक्रमण आणि महापालिकेकडे केलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले, एवढ्यावर आपण लिहून पाठवल्यास ते अवश्य विचारात घेऊ. तक्रारीच्या पोचपावतीची प्रत सोबत जोडावी.”

अशा उत्तरानंतर काही लेखक रागावून गप्प बसतात, पण बरेच जण पोचपावती जोडून पुन्हा लिहितात आणि ते दुसरे पत्र पहिल्यापेक्षा नेहमीच अधिक उपयोगी असते.

छापलेल्या पत्रात चूक राहिली, तर दुरुस्ती पुढच्याच अंकात, त्याच पानाच्या वरच्या भागात द्यावी. काय छापले गेले आणि बरोबर काय आहे, एवढेच सांगावे; नजरचुकीची लांबलचक कारणे देऊ नयेत. चूक लेखकाची होती की कचेरीत झाली, हे मात्र स्पष्ट करावे, कारण आपल्या कात्रीने झालेली चूक पत्रलेखकाच्या नावावर राहणे योग्य नाही.

मूळ पत्रे अंक निघाल्यावर लगेच रद्दीत देऊ नयेत. त्यांवर लोकांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असतात आणि वाद उद्भवल्यास मूळ पत्र हाच आपला पुरावा असतो. निदान तीन वर्षे ती कुलपात ठेवावीत आणि नंतर फाडून किंवा यंत्रात घालून नष्ट करावीत. टोपणनावाने छापलेल्या पत्रांचे पाकीट वेगळे असावे आणि त्याची किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी. एखाद्या वाचकाने ‘त्या अमुक पत्रलेखकाचा फोन नंबर द्या’ असे कितीही आर्जवाने विचारले, तरी तो देऊ नये. विचारणाऱ्याचा क्रमांक लिहून घ्यावा, तो पत्रलेखकाला कळवावा आणि फोन करायचा की नाही ते त्यालाच ठरवू द्यावे.